नारळ न वाढवलेला पोरगा

माझ्या डोळ्यांदेखत व्यायामशाळेतल्या पोरांनी जोडी धुतली. जोडी म्हणजे व्यायामाचे दोन लाकडी मुद्गल. चाळीस दिवस मी ती फिरवली होती. एकाने गोमूत्र शिंपडलं, दुसऱ्याने नळाखाली धरून नारळाच्या शेंडीने घासली. मी दारात उभा होतो, अंगावर नुसता लंगोट. माझा शर्ट आत खुंटीवर होता. कुणी हात लावीना. शेवटी एकाने काठीने उचलला आणि बाहेर फेकला. माझ्याच पायाशी पडला.

कालपर्यंत हीच पोरं माझ्या पाठीवर बसायची, मी जोर मारताना वजन म्हणून.

तिथे गेलो कसा, ते सांगतो. मी नायगावच्या चाळीतला. बाप गिरणीत कापूस खाऊन खाऊन मेला. मी त्याच गिरणीत बदली कामगार. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, मुकादमाने बोट केलं तर आत, नाहीतर आल्या पावली घरी. आजा पलटणीत होता. त्याच्या गोष्टी आय सांगायची. म्हटलं, आपण फौजेत जायचं. निदान गेटवर तरी उभं राहावं लागणार नाही.

भरतीला गेलो. उघडा करून रांगेत उभं केलं. डॉक्टरने फीत गुंडाळली. तीस. फुगव म्हणाला. फुगवली. साडेतीस. "सीना घर पे रखके आया क्या?" रांग हसली. मीही हसलो, लाजेने. बत्तीस पाहिजे होती, फुगवून चौतीस. पुढची भरती सहा महिन्यांनी. त्यानंतर माझं वय बसत नव्हतं. म्हणजे एकच संधी.

त्याच दिवसांत मोर्चे चालू होते. संयुक्त महाराष्ट्राचे. एका मोर्चात लाठी चालली, तेव्हा एका पोराने मला दंडाला धरून गल्लीत ओढलं. नाव मधू. गिरगावच्या वाडीतला, बाप कचेरीत कारकून. दोघांचाही घसा बसलेला. तो म्हणाला, "छाती काय रे तुझी, पोपटाची. आमच्या व्यायामशाळेत ये. वस्ताद चार महिन्यांत पैलवान करतील."

गेलो. पहाटे नायगावहून गिरगावपर्यंत पळत. तेवढीच पळण्याची तयारी. वस्तादांनी नाव विचारलं. माझं आडनाव मराठ्यांतही सापडतं, आमच्यातही. मग विचारलं, "नायगाव म्हणजे पोलिस लाइन का?"

मी होकाराची मान हलवली. आमची चाळ सांगितली असती तर जात कळली असती. खोटं बोललो. तोंडाने नाही, मानेने, पण खोटं ते खोटंच. वस्ताद हसले, "बाप पोलिसात न् पोरगा मोर्चात?" सगळे हसले. मला बरं वाटलं. आपलं माणूस समजून कुणी हसलं की किती बरं वाटतं, हे ज्याला तसं कुणी समजत नाही त्यालाच कळतं.

चाळीस दिवस जोर, बैठका, जोडी. वस्ताद शिकवायचे मनापासून, ते नाकारत नाही. श्वास कसा घ्यायचा, पोट आत ओढून छाती कशी भरायची. घरी आय भिजवलेले चणे आणि गुळाचा खडा द्यायची. तिच्या वाट्याचे पण. छाती एकतीस झाली. फुगवून साडेबत्तीस.

तिथे एक रिवाज होता. नवा पोरगा चाळीस दिवस टिकला की शनिवारी त्याने कोपऱ्यातल्या मारुतीपुढे नारळ वाढवायचा. मग वस्ताद त्याच्या कपाळाला शेंदूर लावणार, आणि तो लाल मातीच्या हौदात कुस्तीला उतरणार. माझा शनिवार आला. मधूने नारळ आणून माझ्या हातात दिला.

मला हे आधी कळायला पाहिजे होतं. दर शनिवारी बघत होतो. पण माझी वेळ येईल, हा विचार मी करतच नव्हतो. डोळे झाकून दूध पिणारं मांजर मी.

आदल्या वर्षी आम्ही बौद्ध झालो होतो. आयने घरातले देव टोपलीत भरले. त्यात तिच्या आयने दिलेला खंडोबाचा चांदीचा टाक होता. दादरच्या समुद्रात सोडताना ती रडली. मी म्हटलं, टाक तेवढा ठेव, आज्जीची आठवण. ती म्हणाली, "दीक्षा घेताना शब्द दिलाय, देव ठेवणार नाही. ठेवला तर शब्द कसला?" आणि सोडला.

आणि मी हातात नारळ धरून मारुतीपुढे.

"मी नाही वाढवत," मी म्हणालो.

"का रे?" वस्ताद.

"मी बौद्ध आहे."

 मधूने माझ्या हातातून नारळ घेतला, माझी बोटं त्याला लागणार नाहीत असा वरून, शेंडीला धरून. तेवढं मला सगळ्यात जास्त लागलं. मग जोडी धुतली, शर्ट फेकला, ते सांगितलंच.

मी शर्ट घालून निघालो तर वस्ताद रस्त्यापर्यंत मागे आले. चांगला माणूस. हळू आवाजात म्हणाले, "पोरा, मला काही नाही रे. पण बाकीच्यांचं बघावं लागतं. तू असं कर, पुढच्या शनिवारी ये. नारळ वाढव, शेंदूर लावून घे. मी सांगतो, पोराने चेष्टा केली. इथे कोण जातीचा दाखला मागतंय?"

खरं सांगतो, आठवडाभर मी जायचंच ठरवलं होतं. एक इंच राहिला होता. एका इंचासाठी माणूस काय काय गिळतो. शनिवारी गिरगावच्या कोपऱ्यावर नारळ विकत पण घेतला. व्यायामशाळेच्या दारापर्यंत गेलो. आतून जोर मारणाऱ्यांचा आवाज येत होता. पाय उचलला, आणि आयची टोपली आठवली. ती बिनशिकलेली बाई, तिला तो टाक सोडताना किती जड गेलं असेल, आणि मी शिकलेला एका इंचाला विकला जातोय. माझी मलाच शिसारी आली. चौपाटीवर गेलो, नारळ दगडावर आपटला आणि वाळूत बसून एकट्याने सगळा खाल्ला. खोबऱ्यानेही छाती भरते.

पुढचे महिने एकट्याचे. जोडी नव्हती, वस्ताद नव्हता, आकडा मोजायला कुणी नव्हतं. चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत पाटा उचलायचो. पाणी भरायला आलेल्या बाया विचारायच्या, "तुझ्या आयला वाटण वाटायचंय, पाटा कुठं नेलास?" पोरं म्हणायची, "आला बघा सुभेदार." मी कुणाशी बोलत नव्हतो. आपल्याच चाळीत इतकं एकटं वाटेल, असं वाटलं नव्हतं. त्यांना काय सांगणार? चाळीस दिवस मी तुमच्यातला नव्हतो, हे कुठल्या तोंडाने सांगणार? आयलाही सांगितलं नाही. शिंप्याकडून जुनी फीत आणली. रोज स्वतःच गुंडाळायची, स्वतःच वाचायची. कधी पाव इंच वाढलेली दिसायची, तर ते सांगायला कुणी नसायचं.

भरतीला गेलो. बत्तीस. फुगव म्हणाले. चौतीस. डॉक्टरने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. शिक्का मारला.

चार दिवसांनी मधू आमच्या चाळीत आला. पहिल्यांदाच. भरतीच्या यादीत माझं नाव त्याने वाचलं होतं. जिन्यातच उभा राहिला. "वस्तादांनी पाठवलंय," म्हणाला. "आपल्या शाळेचा पोरगा फौजेत गेला, ही काय लहान गोष्ट आहे? शनिवारी सत्कार. भिंतीवरच्या फळ्यावर तुझं नाव लिहायचंय."

"काय लिहिणार?"

"नाव आणि आडनाव. आणखी काय?"

"त्यापुढे बौद्ध लिहा."

त्याने जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाला, "अरे, फळ्यावर कुणाची जात लिहितात का? तू उगाच वाढवतोस. चांगलं होतंय ते होऊ दे की."

"जोडी धुतलीत तेव्हा जात बघूनच धुतलीत ना? मग लिहायला लाज कसली?"

"मी नव्हती धुतली," तो म्हणाला.

"तू नारळ वरून धरलास."

त्याला ते आठवलं. चेहऱ्यावर दिसलं. आतून आयने विचारलं, कोण आलंय, चहा टाकू का. मी त्याच्याकडे बघितलं. "उशीर होतोय," म्हणाला, आणि उतरला. पुन्हा कधी आला नाही. मोर्चात दोनदा लांबून दिसला, घोषणा देत होता, हात वर करून. मीही देत होतो. महाराष्ट्र दोघांनाही पाहिजे होता.

फळ्यावर माझं नाव लागलं नाही. तो सत्कार मी घेतला असता तर जन्मभर त्या फळ्यावर दुसराच कुणीतरी माझं नाव लावून बसला असता.

तेव्हापासून एक केलं. बराकीत, गाडीत, कुणाच्या पंगतीत, कुणी विचारायच्या आधी मीच सांगतो, मी कोण ते. अंदाज करायला वेळच देत नाही. ज्याला चालत नसेल त्याने उठून जावं. मी उठत नाही.