कप्तानचं रान शेवटी

गावात तिला सगळे कप्तान म्हणत. नाव ठेवलं होतं चेष्टेनं, पण चिकटलं ते कायमचं, आणि तिलाही ते मनातून आवडायचं. कापणी आली की कोणत्या दिवशी कोणाच्या रानात जायचं, हे कप्तान ठरवणार. आज सगळ्या बायका तुझ्या रानात, उद्या त्याच सगळ्या माझ्या रानात. मजुरी नाही, काही नाही, फक्त हाताला हात. याला त्या सावड म्हणत. सगळ्यांचे विळे कप्तानच्या मागच्या खोलीत भिंतीवर टांगलेले असत, मुठीला ज्याची त्याची चिंधी बांधून. लोहाराकडून धार लावून आणायचं कामही हिचंच. फुकटचा उपद्व्याप, पण सांगणार कोण!

सावडीचा एक नियम तिच्या सासूनं घालून दिला होता. जी क्रम लावते, तिचं रान शेवटी. म्हणजे कुणी नाक मुरडायला नको. कप्ताननं तो नियम नवी नवरी होती तेव्हापासून पाळला. स्वतःचा गहू वाळून कडकडायला लागायचा, ओंब्या हात लावताच झडायच्या, पण बाई दुसऱ्याच्या रानात वाकलेली. तोंडानं मात्र थट्टा चालू. आणि शेवटच्या दिवशी सगळ्या येऊन तिचं रान दुपारपर्यंत भुईसपाट करायच्या. त्या दुपारसाठी तर सगळं होतं.

या साली निम्मी रानं सावडीत झाली, आणि एका सकाळी रस्त्यावर एक लाल धूड येऊन उभं राहिलं. कापणीचं यंत्र. पुढून उभा गहू खायचं आणि मागून दाणे टाकायचं. सगळं गाव तमाशा बघितल्यासारखं बांधावर उभं. ज्यांची रानं राहिली होती, त्यांनी त्याच आठवड्यात यंत्र बोलावलं आणि सांगून टाकलं, "कप्तान, आम्ही सावडीत घेतलं नाही, तर देणं कसलं?" बरं, हे एक वेळ पटलं. पण ज्यांची रानं हिच्या घामानं आधीच रिकामी झाली होती, त्यांचं काय?

"आई, आपणही यंत्रवाल्याला सांगून ठेवू या का?" सुनेनं हळूच विचारलं होतं. मुलगा शहरात गाडी चालवायचा. घरी या दोघीच.

"माझ्या रानाला बायका आहेत," कप्तान फटकन म्हणाली. "यंत्र ज्यांना माणसं नाहीत त्यांना."

दोन दिवसांनी मात्र ती स्वतःच, सुनेला न सांगता, यंत्रवाल्याला घेऊन रानाकडं निघाली. तिचं रान ओढ्याच्या अंगाला, सगळ्यांच्या मागं. पूर्वी तिथवर बैलगाडी जायची. पण प्रत्येकानं नांगरताना वाटेचा एकेक पट्टा आपल्या रानात ओढून घेतला होता, आणि आता वाट एका माणसापुरती उरली होती. यंत्रवाला तोंड दाबून हसला. "मावशी, इथून माझी सायकल जायची नाही." कप्तानच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांनी वाट खाल्ली त्यांची रानं यंत्रानं कापली, आणि हिनं काय पाप केलं होतं?

मग ती दारोदार फिरली. बायका घरात सापडतील तर ना! रस्त्यालगत भाजी भरायची नवी शेड झाली होती. सगळ्या पांढऱ्या टोप्या घालून तिथं कामाला. कप्तान शेडच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत धाकटी जाऊ बाहेर आली.

"वहिनी, खाडा केला की काढून टाकतात हो," ती म्हणाली. "रागावू नका. सुट्टीच्या दिवशी येते. सगळ्यांना घेऊन येते, मग तर झालं?"

"तुझं रान मी ताप अंगात घेऊन कापलंय."

"मला काय माहीत नाही का? येते म्हटलं ना!"

सुट्टीचा दिवस उजाडला तो आभाळ घेऊनच. ओढ्यापलीकडं काळंकुट्ट झालं होतं. कप्ताननं सगळे विळे पाटीत भरले, पाण्याची कळशी घेतली आणि सुनेला घेऊन रानात गेली. दोघींनी एका कडेनं धरलं. कप्तान कापायची, सून पेंढ्या बांधायची, आणि दर थोड्या वेळानं कप्तान मान वर करून वाटेकडं बघायची.

"येतील हो. आवरून निघायला वेळ लागतोच," ती म्हणायची. सून मान खाली घालून पुढची पेंढी बांधायला घ्यायची, आणि त्याचाच कप्तानला जास्त राग यायचा.

ऊन असतं तर कलतीकडं झुकलं असतं, अशा वेळी वाटेवर बोलणं ऐकू आलं. एकामागं एक, सगळ्याच्या सगळ्या! पुढं धाकटी जाऊ. कप्तानचा ऊर भरून आला. "बघ! बघ म्हटलं नव्हतं मी?" ती सुनेला ओरडून म्हणाली आणि पाटी पुढं सरकवली.

मग तिचं लक्ष त्यांच्या कपड्यांकडं गेलं. ठेवणीतले होते. अशा कपड्यांत कोण कापणीला येतं?

"वहिनी, विळे इथंच आणलेत होय? तुमच्या घरी जाऊन आलो की," जाऊ धापा टाकत म्हणाली. "शाळेत आज प्रदर्शन आहे ना, जुनी अवजारं मांडायचीत. पोरांनी विळा हातात धरलेला नाही हो कुणी. आणि तुम्हीही चला. मास्तरांनी खास सांगितलंय. सावड म्हणजे काय, ते तुम्ही पोरांना दोन शब्दांत सांगायचंय."

कप्तान उभीच राहिली. हसावं की या बाईच्या झिंज्या धराव्यात, तिला कळेना.

"आणि माझं रान?"

"अगंबाई!" जाऊनं कपाळाला हात लावला. खरंच विसरली होती ती; तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. चिंधी बघून तिनं आपला विळा उचलला, पदर खोचला आणि दोन-चार मुठी कापल्याही. मग कंबर धरून उभी राहिली. "सवयच गेली हो. वहिनी, पुढच्या सुट्टीला नक्की. आता मास्तर वाट बघत असतील."

"न्या," कप्तान म्हणाली. "सगळे न्या. पोरांना सांगा, सावड अशी असते."

त्या गेल्या. मागं दोघींचेच विळे उरले. पहिले थेंब पडले तेव्हा अर्ध्याहून जास्त गहू उभा होता, आणि वाऱ्यानं तो ओढ्याच्या बाजूनं आडवा व्हायला लागला होता. कप्तान वाकून विळा ओढत होती, दातओठ खात, नाकातलं पाणी बाहीला पुसत.

"पुढच्या साली माझं रान पहिलं लावते," ती ओरडली. "बघच तू! गेला तो नियम खड्ड्यात. माझं पहिलं!"

सुनेनं पेंढीची गाठ मारली. मग भिजल्या तोंडानं सासूकडं बघून म्हणाली, "लावा ना आई. आणि दुसरं कुणाचं लावाल?"

कप्ताननं पुढची मूठ धरली.