लेखाला जोडलेलं शेपूट

सासरे दुकानाच्या काउंटरवर चहा पीत बसले होते आणि फोनवर आलेला मेसेज मोठ्यानं वाचत होते. दोन-चार गिऱ्हाइकं समोर उभी होती. दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच दार. त्या दाराच्या आत बसून मी तुरीची डाळ निवडत होते. दुसऱ्या वाक्याला माझा हात थांबला.

"बियान्याचं पाकीट आन् मोबाइल या दोघायचं सारखंच आहे," सासरे एकेक शब्द दाबून वाचत होते. "पैसे आपन देतो, पन मालक दुसराच राह्यते."

भाषा त्यांनी आपल्या तोंडाची करून घेतली होती, पण वाक्य माझं होतं.

माझं माहेर अमडापूर. बुलडाण्याला कॉम्प्युटरची पदवी घेतली आणि लग्न होऊन धाड गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात आले. सासऱ्यांचं कृषी केंद्र. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर, हंगामात आठवड्यातून एकदा घरी यायचा. दुपारी दुकान शांत झालं की मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर लिहीत बसायची. नवऱ्याला एवढंच माहीत होतं, की बायको काहीतरी टाइप करते.

माझा एक ब्लॉग होता, टोपणनावाचा, आणि ते नाव पुरुषाचं होतं. स्वस्त फोनमध्ये कंपनीनं कोंबलेली ॲप काढून कशी टाकायची, मराठी कीबोर्ड कुणाचा चांगला, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम शाळांनी का वापरावी, परग्रहावरच्या सिनेमात शेती कुणीच करताना का दिसत नाही, निवडणुकीत मोबाइल वाटणाऱ्या पुढाऱ्याला त्या मोबाइलमधलं काय काय दिसू शकतं, अशा विषयांवर मी ठासून मतं मांडायची. वाचणारे थोडे होते, पण भांडायला पक्के. मला ते 'सर' म्हणायचे. पुण्याचा एक वाचक माझ्या चुका काढायचा. एकदा घाईत माझ्या हातून 'करून राह्यलो' असं गेलं, तर त्यानं लिहिलं, 'सर, तुम्ही तिकडचे दिसता.' मी ते वाक्य लगेच बदललं. ओळखलं जाण्याची भीती मला पहिल्यांदा वाटली ती तेव्हा, आणि ती अगदी बारीकशी होती.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरली होती. वरून हिरवं बोंड फोडावं तर आत किडकी सरकी. म्हणून मी, अळी लागत नाही असं सांगून विकल्या जाणाऱ्या बीटी बियाण्यावर लिहिलं. कुलूप घातलेलं सॉफ्टवेअर आणि कुलूप घातलेलं बियाणं. कुलूप कधीतरी तुटतंच. इथं ते अळीनं तोडलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करता येतो, हंगाम पुन्हा सुरू करता येत नाही. मग मी चोरबीटीकडे वळले. तणनाशक मारलं तरी न जळणारं, परवानगी नसलेलं ते बियाणं बिनलेबलाच्या पाकिटांत येत होतं, आणि निंदणाला मजूर मिळत नसल्यानं लोक ते मागून नेत होते. मी लिहिलं, 'चोरीची सीडी चालली नाही तर फेकून देता येते. उगवलेलं रान फेकून देता येत नाही.' शेवटी लिहिलं, 'हे विकणारे कुणी परके नाहीत. मी ज्या घरात जेवतो, त्या घरातूनही ते गेलं आहे.'

सासऱ्यांनी विकलं होतं. समोरच्या दुकानातल्या चाचांनीही विकलं होतं. एकाच गाडीतून दोन्ही दुकानांत माल उतरताना मी खिडकीतून पाहिला होता.

चाचांचं दुकान आमच्या अगदी समोर. दोर, फवारणीपंपाचे वायसर, नळ्या आणि बियाणं. गावातलं ते एकच मुसलमानाचं दुकान. सासरे आणि चाचा एकमेकांकडून सुट्टे घ्यायचे, चहा घ्यायचे, आणि गिऱ्हाइकांवरून वर्षातून एकदा तरी भांडायचे.

सासरे वाचत शेवटापर्यंत आले. ज्या घरात जेवतो ती ओळ त्या मेसेजमध्ये नव्हती. तिथं दुसरंच काहीतरी जोडलेलं होतं. विकणाऱ्यांना ओळखा, ते आपले नव्हेत, त्यांना आपली जमीन नापीक करायची आहे, बाजाराच्या दिवशी त्यांना जाब विचारायला जमा. कोणत्या जातीधर्माचे ते सरळ लिहिलं होतं, आमच्या गावाचं नावही होतं. आणि हे सगळं माझ्याच शैलीत, माझ्यासारखी छोटी वाक्यं करून.

"ज्यानं लिहलं त्यानं बराबर लिहलं," एक गिऱ्हाईक म्हणालं.

सासऱ्यांनी समोरच्या दुकानाकडे पाहिलं. मी दाराच्या फटीतून त्यांचा चेहरा पाहत होते. त्यावर मला सुटल्याची भावना दिसली. जाब विचारायला लोक येणार होते, पण आपल्या पायरीवर नाही. मला त्या मेसेजपेक्षा त्या चेहऱ्याचं भेव वाटलं.

मी लगेच ब्लॉगवर खुलासा टाकला. माझ्या लेखाला कुणीतरी खोटा शेवट जोडला आहे, मूळ लेख हा असा. पुण्याच्या वाचकानं 'खुलासा' आणि 'स्पष्टीकरण' यांतला फरक समजावला. आणखी एकानं बॅटरीबद्दल विचारलं. तिकडे मेसेज या गावातून त्या गावात पळत होता. बचत गटाच्या ग्रुपवर आला, नणंदेनं सासरहून पाठवला, माझ्या आईनं अमडापूरहून पाठवला आणि खाली लिहिलं, 'तुमच्या गावचं आहे म्हन्ते, दार लावून राहजो.'

संध्याकाळी मी चाचांच्या मागच्या दारानं गेले. चाची रस्त्याकडच्या दोरीवरचे ओले कपडे काढून आत खुर्च्यांवर पसरत होत्या. सून लेकरांचे कपडे पिशवीत भरत होती.

"काही नाही व्हत बेटी," चाची म्हणाल्या. "लेकरायले जरा धाडले पाठवून राह्यलो, बस. तिकडं हिचं मायघर आहे."

"चाचा कुठी आहेत?"

"दुकानात बसेल आहेत. उठच म्हटलं तं उठत नाहीत. काऊन उठू म्हन्तात."

लेख माझा आहे हे मला तिथंच सांगायचं होतं. त्यांनी मला ताटलीत शेवया दिल्या आणि मी न सांगताच त्या खाल्ल्या.

घरी येऊन नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मागून मशीनचा आवाज येत राहिला.

"तू बोलशीन तं लायसन जाईन," तो शेवटी म्हणाला. "बाबा तुले घरात ठेवतीन का?"

"अन् नाही बोलली तं?"

"मले इचारू नको," तो म्हणाला. "मले खरंच इचारू नको."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी शटर उघडायच्या आधीच मी सासऱ्यांपुढे जाऊन उभी राहिले.

"मामाजी, तो लेख माहा होय."

"कोनता?"

"बियान्याचा. शेवटचं मी नाही लिहलं. मी आपल्या घराचं लिहलं होतं. ते कोनंतरी काढून टाकलं."

रागावतील अशी तयारी करून मी आले होते. ते घाबरले होते. ते अंगणातल्या खाटेवर बसले.

"तू? कॉम्प्युटरवर? लोकं इसरतीन पोरी. चार दिवस बोंबलतीन अन् इसरतीन."

"बाजार आजच आहे."

"मंग त्याहिचं नाव नको घ्या म्हनून लिह्य. आपलं काऊन घेतं?"

"आपलं घेतल्याबिगर कोनाले खरं वाटन?"

मेसेज ज्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवरून फिरत होता त्यात मी नव्हते, सासरे होते. हे त्यांनाही माहीत होतं. ते उठले, फोन खिशातून काढून त्याचं कुलूप उघडलं, खाटेवर ठेवला आणि मागं न बघता गोठ्याकडे निघून गेले.

लिहिलेलं कुणी वाचणार नाही, आणि वाचलं तरी त्याला पुन्हा शेपूट जोडता येईल. म्हणून मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा माझं मत माझ्या आवाजात आणि घरच्या बोलीत. "मी यायची सून बोलून राह्यली," असं म्हणून सुरुवात केली. लेख मी लिहला, शेवट माहा नाही. ते बियानं एकाच गाडीतून आलं, समोरच्या दुकानातून गेलं अन् आमच्या दुकानातूनबी गेलं. जाब इचाराचा असन तं आमच्या पायरीवरबी या. मधे आवाज फुटला. पुन्हा रेकॉर्ड करायची हिंमत नव्हती, तसाच ग्रुपवर पाठवला.

मग फोन वाजायला लागला. मी तो उशीखाली घातला. उशीखालूनही त्याची थरथर जाणवत होती.

दुपारी बाजार भरला आणि मोटारसायकली आल्या. बहुतेक पोरं बाहेरगावची होती. चाचांचं दुकान शेवटी चाचींनीच आतून बंद करून घेतलं होतं. पोरं त्या शटरपुढे उभी राहिली. एकानं लाथ मारली. पत्र्याचा आवाज झाला तसा बाजारातल्या भाजीवाल्या बायांनी पाट्या आत ओढल्या. आमच्या घराच्या खिडकीला मी दोन्ही हातांनी धरून उभी होते.

गावातला कुणीतरी म्हणाला, "अरे, ते तं या दुकानातूनबी गेलं म्हन्ते. सून बोलली ना यायची."

सगळी तोंडं आमच्याकडे वळली. मला वाटलं, आता. सासरे काउंटरमागून बाहेर आले आणि पायरीवर उभे राहिले. धोतराचा सोगा त्यांच्या मुठीत होता.

"हाव," ते म्हणाले. "गेलं. म्या इकलं. तुमी मांगलं, म्या इकलं."

कुणी शिवी दिली. एका पोरानं दाराजवळची खताची गोणी पाडली. पण ज्याच्यावर चालून जायचं ठरवून ती आली होती तो माणूस हा नव्हता, आणि या माणसाचं काय करायचं ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. भांबावून ती एकमेकांकडे पाहू लागली. तेवढ्यात गावातल्या कुणीतरी बोलावलेली पोलिसांची जीप वळणावर दिसली. मोटारसायकली एकेक करून निघाल्या. जाताना एकजण माझ्या खिडकीकडे पाहून हसला. तो चेहरा मी आजही बाजारात शोधते, आणि दिसू नये असंही वाटतं.

पुढं जे व्हायचं ते झालं. शेतीखात्याची माणसं आली. दोन्ही दुकानांतली बियाण्याची विक्री बंद झाली. आमची पुढचा सबंध हंगाम बंद राहिली. सासरे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, पाणी हवं असलं की सासूला सांगायचे. एके दिवशी मी कॉम्प्युटरपुढे बसले असताना मागे येऊन उभे राहिले.

"आता काय लिहून राह्यली?"

"फोनचं आहे, मामाजी. बॅटरीचं."

"लिह्य," ते म्हणाले. "पन आधी मले वाचून दाखवत जाय."

मी दाखवते. काही ठिकाणी ते 'हे नको' म्हणतात. कधी मी ऐकते, कधी नाही.

चाचांनी बियाणं पुन्हा ठेवलं नाही. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते वायसर डब्यात लावत होते. म्हणाले, "बेटी, तुह्या लिहन्यातूनच आग लागली आन् तूच इझवली. शुक्रिया कशाचा करू, सांग?" ते रागानं बोलत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं, मलाही नाही. धाडला गेलेली लेकरं संक्रांतीनंतर परत आली.

ते शेपूट कुणी जोडलं ते कधी कळलं नाही. माझी वाक्यं इतकी नीट उचलणारा माणूस माझा जुना वाचक असणार. कदाचित मला 'सर' म्हणणारा, कदाचित रोज आमच्या दुकानात येऊन चहा घेणारा. त्यानंतर ब्लॉगवर मी माझं खरं नाव टाकलं. भीती त्यानं कमी झाली नाही. फक्त आता घरातल्या सगळ्यांना ती माहीत आहे.

मागच्या हंगामात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बीबी गावाकडची बाई होती, आवाज दबका.

"ताई, तुमचा तो आवाज माह्या फोनात अजून आहे. आमच्या गावातबी तसाच एक मेसेज सुरू झाला. त्याच्यात माह्या दिरानं काढेल फोटो आहे, पन खालचं लिहेल त्याचं नाही. मले लय भेव वाटून राह्यलं. काय करू?"

माझ्याकडे हुशारीचं असं काही नव्हतं. मी विचारलं, "घरात कोन कोन आहे?"

"सारेच आहेत."

"मंग आधी त्यायले सांग," मी म्हणाले. "मी फोन ठेवत नाही. तू सांगून ये."

तिनं फोन कुठंतरी ठेवला. पलीकडून भांड्यांचा आवाज आला, मग एका पुरुषाचा, मग कुणी काहीतरी विचारलं. मी कानाला फोन लावून बसून राहिले.