खंडेनवमीला अर्धवट राहिलेलं कमिट

परवा फोनवर तू म्हणालास, "आजी, एक कमिट करतो आणि जेवायला बसतो." तुझी बहीण मागून हसली, "आजीला काय कळणार कमिट?" म्हणून हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. मला कळतं. कमिटची कमांड कशी असावी, यावर मी नव्वदच्या दशकातली काही वर्षं घालवली आणि त्यातलं काहीच उरलं नाही.

नवीन पनवेलमध्ये एका दुकानावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. मालक तिथल्याच गावचे. वडिलांची शेती नव्या वसाहतीसाठी सरकारने घेतली, त्या मोबदल्यातून त्यांनी कॉम्प्युटर घेतले होते. बंदराकडच्या गोदामांसाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. कोणी काय बदललं याची नोंद राहावी, बिघडलं तर मागचं परत आणता यावं, म्हणून आम्ही तिघं एक व्यवस्था बांधत होतो: मी, एक मुलगा आणि उरणहून येणारी एक मुलगी. मालकांनी सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत ती नीट उभी राहिली तर तुमचा विभाग राहील, नाहीतर बंद.

सगळ्या नव्याजुन्या प्रती मशीनवर एकत्र राहतात ते भांडार; बदललेलं काम त्यात कायमचं जमा करणं म्हणजे कमिट. आमची कमांड फायली एकेक करून जमा करायची. मला ते पटत नव्हतं. मध्येच काही अडलं तर निम्म्या फायली नव्या, निम्म्या जुन्या. माझं म्हणणं, सगळं आधी बाजूला लिहावं आणि शेवटची फाइल पोचली की मगच एकदम पक्कं करावं. तोवर जुनं जसंच्या तसं राहील.

"मॅडम, तुमची कमांड म्हणजे लग्नाआधी साखरपुडा," मालक म्हणाले. "वेळ दुप्पट, डिस्कवर जागा दुप्पट."

"साखरपुडा मोडला तर माणूस आपल्या घरी तरी राहतो," मी म्हटलं.

ते मनापासून हसले. "लाइट गेली तर यूपीएस आहे की!"

विषय संपला. माझी कमांड माझ्याच मशीनवर पडून राहिली.

खंडेनवमीला ऑफिसात यंत्रांची पूजा असायची. मालकांची आई झेंडूच्या माळा घेऊन गावातून आली. पूजेनंतर मशीनला दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून सगळ्यांची आधीच जमा करायची घाई. उरणची मुलगी सर्वांत शेवटी बसली. गोदामाच्या प्रोग्रामचा तिचा मोठा बदल होता. पडद्यावर एकेक फाइलचं नाव सरकत होतं.

"गो बाय, ऊठ आता. आज हत्याराला हात नाय लावायचा," आई म्हणाल्या.

"आजी, दोनच मिनिटं."

"वरीसभर राबतान बिचारी. एक दिस इसावा नको त्यांना?" असं म्हणत त्यांनी भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. यूपीएस कलकलायला लागला. "आनि ह्यो कशाला वरडतो?" त्यांनी त्याचंही बटण दाबलं, आणि त्याला हळदकुंकू लावलं.

विजेचा विचार आम्ही सगळ्यांनी केला होता. आईंचा कोणीच केला नव्हता.

"मॅडम, अर्धंच गेलं," ती मुलगी हळूच म्हणाली. आई तिच्या हातावर पेढा ठेवत होत्या. तिने तो खाल्ला.

दसऱ्यानंतर मशीन सुरू केली. फायली मिसळल्या होत्याच, पण जुन्या प्रतींची यादीही लिहिता लिहिता तुटली होती. मागचं परत आणायला बांधलेल्या व्यवस्थेतून मागचं काहीच येत नव्हतं. आम्ही कागदावरच्या छापील प्रती काढून ओळीशी ओळ लावत बसलो. जुळेना.

मला वाटलं, आता तरी मालक म्हणतील की तुमची कमांड लावू. मी ती चालवून दाखवायला तयार ठेवली होती. ते माझ्या मशीनपाशी आले, पण बसले नाहीत.

"नको मॅडम. फ्लॉपीवर तारीख टाकून कपाटात ठेवत होतो, तेच बरं होतं."

"पण हे याचसाठी तर..."

"बस झालं आता." आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते.

दिवाळीपूर्वी विभाग बंद झाला. उरणची मुलगी निघताना म्हणाली, "मॅडम, तुमची कमांड एकदा तरी चालवून बघायला हवी होती." मी हो म्हटलं. माझ्या मशीनवरचं सगळं पुसून ती तोवर हिशेबाच्या खोलीत नेली होती.