निगेटिव्हच्या तुकड्यातून दिसलेलं तेर

धाराशिवहून तेरची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत साधा डिजिटल कॅमेरा, तो उभा करायचं तीन पायांचं तिकाटणं आणि पुठ्ठ्याच्या चकतीत बसवलेला निगेटिव्हचा काळा तुकडा होता. उजेड लागून वाया गेलेली, पण स्टुडिओत धुतलेली ती निगेटिव्ह दुहेरी करून भिंगापुढे धरली की नेहमीचा उजेड अडतो आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश तेवढा आत जातो. त्या प्रकाशात झाडांची पानं पांढरी दिसतात, असं वाचलं होतं. घरच्या कुंडीतल्या तुळशीवर जमलं. आता मोकळं रान हवं होतं.

तेरला उतरून आधी विटांच्या जुन्या देवळापाशी तिकाटणं मांडलं. फोटोभर पांढरा पट्टा! चकतीच्या कडेनं उजेड शिरत होता. किराणा दुकानातून काळी चिकटपट्टी घेतली, फट बुजवली आणि तेरणा नदीच्या काठाकाठानं चालू लागले.

ज्वारी हुरड्याला आली होती. एका बांधावर कडुलिंबाखाली आगटी (हुरडा भाजायची खळगी) धुमसत होती. शेजारी सत्तरीचे एक शेतकरी कणसं चोळत बसले होते. त्यांचं नाव किसनमामा.

"लिंबाचा फोटो काढू का, मामा?"

"काढा की. पर आधी हुरडा खावा. गरम हाय तवर ग्वाड."

शेंगदाण्याच्या चटणीबरोबर मूठभर हुरडा खाल्ला. चकतीतून उजेड कमीच शिरतो, म्हणून मग पंधरा सेकंद भिंग उघडं ठेवून फोटो घेतला. मधेच एक शेळी समोरून गेली. फोटोत तिचा नुसता धूर उमटला. पण लिंब! कापूस फुटावा तसा पांढराशुभ्र, आणि वर काळंभोर आभाळ. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"अगं, हिकडं ये, बघ तरी!" मामांनी हाक मारली.

ज्वारीतून त्यांची बायको आली, गंगूमावशी. कॅमेरा दिसताच तिनं पदर तोंडावर ओढला. तिच्या गालांवर आणि हातांवर कोड होतं.

"ती फोटोला उभी ऱ्हात न्हाय," मामा हळूच म्हणाले. "पोरीच्या लग्नात बी न्हाय राहिली. आमचा दोघांचा एक बी फोटो न्हाय."

मी तिला पडद्यावरचा पांढरा लिंब दाखवला. तिनं वाकून पाहिलं आणि खळखळून हसली.

"हिच्यात समदंच पांढरं व्हतंय व्हय? मग मला काय धाड भरली! काढ पोरी."

दोघं लिंबाखाली बसले. पंधरापर्यंत हलायचं नाही, असं मी बजावलं आणि मोठ्यानं मोजू लागले. नवावर मामांना हसू फुटलं. मावशीनं त्यांना कोपरानं ढोसलं. पुन्हा मोजलं. या खेपेला जमलं.

फोटो उघडला आणि मी तो मोठा करून पाहिला. मावशीच्या चेहऱ्यावर एकही डाग नव्हता. मग उमगलं, कातडीतला रंग त्या प्रकाशाला फारसा अडवत नाही. सगळी कातडी एकसारखी दिसते. हे आधी माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तिला वाईट वाटेल का? भीत भीतच कॅमेरा पुढे केला.

मावशीनं पडद्यावर बोट टेकवलं. "ही तर आमची थोरली दिसतीय." मग मामांकडे बघत म्हणाली, "लगीन झालं तवा मी अशीच व्हते का वो?"

"अशीच. आन् अशीच भांडखोर," मामा म्हणाले, पण त्यांचे डोळे भरले होते.

मावशीनं पदर नीट केला, डोक्यावर घेतला, तोंडावर नाही. "ती काळी चकती काढ आता. जशी हाय तशी काढ. नातवंडांनी मला वळखाया नको व्हय?"

तो फोटो क्षणात निघाला. हिरवा लिंब, तिची लाल साडी, गालावरचं कोड आणि मामांचं सुटलेलं हसू, सगळं लख्ख.

शेवटची एसटी धावतच पकडली. वाटभर दोन्ही फोटो आळीपाळीनं पाहत होते. डोळ्यांना दिसत नाही ते पाहायला मी निघाले होते, आणि ते दिसलंही. त्याचा आनंद खोटा नाही. पण घरी पोचल्यावर कोणी "कसं जमलं?" विचारलं, तर आधी चकतीशिवायचा दुसरा फोटोच दाखवायचा, हे बसमध्येच ठरवून टाकलं.