ताईनं बोरीतून उपग्रहाचं वेळापत्रक बदललं

मंडळी, आज आमच्या बोरी गावातल्या घरात जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत न्हाई.

उपग्रहानं कुठला फोटो कधी काढायचा, हे माझी ताई ठरवते. सध्या सुट्टीवर आलीय. सकाळी ऑफिसातून फोन आला, दूरच्या एका जिल्ह्यात पूर आला होता. उपग्रहाच्या एका फेरीत सगळीकडचे फोटो निघत नाहीत. ताईनं लॅपटॉपवर ढगाळ ठिकाणं मागं टाकली अन् बुडालेली गावं पुढं घेतली.

आई म्हणाली, "उपग्रह तुझं ऐकायलाय का गं?"

"ऐकतो की, आई!"

दुपारी फोटो आला. पाण्यानं वेढलेल्या वस्त्या दिसल्या, तिकडं बचावाच्या बोटी निघाल्या. आईनं ताईला जवळच ओढलं.

आजवर मी सगळ्यांना "ताई कॉम्प्युटरवर बसते" एवढंच सांगायचो. तुमच्या घरची लेक नेमकं काय काम करते, तुमाला सांगता येतं का?