साडूभाऊंची निळी तबकडी

घड्याळाचा वेळेशी काही संबंध असतो, हे माझ्या थोरल्या साडूंना आयुष्यात कुणी पटवून देऊ शकलं नाही. माणूस भेटला की ते चेहऱ्याआधी मनगट बघत. माझ्या लग्नात त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, तेव्हा मला वाटलं, किती मायाळू गृहस्थ. त्यांनी मनगट उजेडाकडे वळवलं आणि सांत्वनाच्या सुरात म्हणाले, "आकडे छापील आहेत." दिवसा ते भूमापन कचेरीत नकाशे काढत, उरलेला जीव कोठी भागातल्या घरामागच्या लहानशा भट्टीत. घड्याळाच्या तबकडीसाठी चांदीच्या चकतीवर केसाएवढ्या बारीक लाटा कोरायच्या, वर निळ्या काचेची पूड पसरून भाजायची, पुन्हा पूड, पुन्हा भट्टी. मग त्या निळाईखाली कोरीवकाम पाण्यासारखं हलताना दिसे. धुळीचा एक कण पडला की सगळं पहिल्यापासून. म्हणून भट्टीच्या दिवशी घरात झाडू नाही, चादर झटकणं नाही, आणि तेलाचा धूर नको म्हणून फोडणीही नाही. आक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, लग्न झाल्यापासून बारा वर्षं बिनफोडणीचं साधं वरण वाढत आल्या होत्या. गिऱ्हाइकं सगळी जुन्या नवाबी घरांतली. "हे घड्याळ तर बंदच आहे," असं मी एकदा एका वृद्ध नवाबांना म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "वक्त तो नौकर भी बता देता मियाँ, हमकू डायल होना." म्हणजे त्यांना हवी होती ती फक्त तबकडी.

मग छप्पन साली भाषेप्रमाणे राज्याचे तुकडे झाले. मराठी नोकरदारांना विचारणा झाली, इथंच राहता की औरंगाबादेला जाता? आक्कांचं सगळं माहेर तिकडं.  भावाचं पत्र आलं की त्या ते दोनदा वाचत. साडूंनी अर्ज महिनाभर कोराच ठेवला. हा माणूस भट्टी सोडून हलायचा नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तसले शौकीन तिकडं कुठले मिळणार?

अर्ज देण्याच्या शेवटच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कचेरीत गेलो. नकाशावर गावाचं नाव घालावं तशा वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, 'औरंगाबाद'.

"साडूभाऊ, आणि भट्टी?"

"तुमच्या आक्कांनी इतकी वर्षं काढली इथं," ते टाक पुसत म्हणाले. "आता माझी पाळी."

तिकडं ते नकाशेच काढत राहिले. बऱ्याच वर्षांनी मी गेलो, तेव्हा आक्का भावाभाच्यांच्या गोतावळ्यात सुखी दिसल्या. बोलता बोलता मी भट्टीचा विषय काढला.

"मी कधी सोडा म्हटलं नव्हतं हो," आक्का म्हणाल्या.

साडू बशीत चहा ओतत होते. "मी तरी तुला कुठं विचारलं होतं," ते म्हणाले. आक्कांनी आपल्या कपात उरलेला चहा त्यांच्या बशीत ओतला.