बियाण्याची मिरची

आज स्वयंपाकघरात मिरची करपली, घरभर ठसका उठला आणि मला वर्ध्यातली आमची भाड्याची खोली आठवली. बाबा गेले त्या वर्षी रोहणा गावातल्या त्यांच्या परसातलं मिरचीचं शेवटचं बी मी तेलाच्या डब्यात लावलं होतं. एकच झाड जगलं. त्यावरची एक मिरची मी बियाण्यासाठी राखली आणि ती लाल व्हायची रोज वाट पाहू लागलो.

ती पिकली, आणि नेमकी तेव्हाच माझी लेक छकुली तापली. औषध घेऊन आलो, तर आई तीच मिरची मिठासोबत तिच्यावरून ओवाळत होती.

"आई, हेच काऊन तोडली?" पोरीचा ताप विचारायच्या आधी माझ्या तोंडून हे निघालं.

"घरात दुसरी लाल मिरची नाई." आईनं ती शेगडीत टाकली. "बी काढून ठेवलं म्या. नजरेले सालटं पुरते. तू आता पोरीले पाह्य."

खिडकीत कागदावर ओलं, पिवळं बी पसरलेलं होतं. मी खाली मान घालून छकुलीच्या कपाळावर हात ठेवला.

ती लाज अजून गेलेली नाही. पण आज मिरची करपवणारी छकुलीच आहे, आणि मिरची तिच्या कुंडीतली, त्याच बियाची.